चि. मेधास, साखळीहून

साखळी, गोवा
कार्तिक वद्य तृतीया

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. हँडबिल सापडलं, त्याचं समाधान होतंच. पण पहिल्याच रिंगला तू फोन उचललास आणि घड्याळात सव्वा वाजला होता. मी जागा होतो, कारण जत्रेच्या नाटकाचं हँडबिल सकाळी छापायला द्यायचं होतं. तू का जागी होतीस?

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तेव्हा आधी कामाचं.

तू होतीस तोवर तुझा मॉनिटर दिवसा तुझ्या लॅपटॉपला आणि संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरला, डाव्या बाजूला. हँडबिल तिकडे, मजकुराचा कागद इकडे. इतकी सोय मला कधी झाली नव्हती. तुळशीचं लग्न झालं, तू मॉनिटर चादरीत गुंडाळून नेलास, आणि त्यानंतर हँडबिल उघडेना. खालच्या पट्टीवर प्रोग्रामचं चिन्ह होतं. त्यावर माउस नेला की छोटं चित्र यायचं, त्यात हँडबिलही दिसायचं. क्लिक केलं की समोर काहीच नाही. प्रोग्राम बंद करून उघडला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दोन तास गेले. अकरा पात्रं, देणगीदारांची बावीस नावं, सगळं पुन्हा टाईप करायची तयारी केली होती.

तू म्हणालीस, "बाबा, फाईल हरवलेली नाही. ती डावीकडे उघडतेय, जिथे आता स्क्रीनच नाही."

बाकीचं मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं आहे. मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली मोजायचं. डावीकडच्या स्क्रीनचे आकडे उणे. बहुतेक वेळा मॉनिटर काढला की त्यावरच्या विंडो आपसूक मुख्य स्क्रीनवर येतात, पण काही प्रोग्राम आपली शेवटची जागा स्वतःच टिपून ठेवतात आणि दर वेळी तिथेच उघडतात. आमची जागा उणे आकड्यांत होती, म्हणून कॉम्प्युटर बंद-चालू करून उपयोग नव्हता.

शिफ्ट दाबून धरून खालच्या चिन्हावर राइट क्लिक. मेनू आला, पण त्यात 'मूव्ह' फिकट. न बघता तू म्हणालीस, विंडो मॅक्सिमाइज असेल, आधी 'रिस्टोअर' करा. मग पुन्हा शिफ्ट, पुन्हा राइट क्लिक, 'मूव्ह', आणि उजव्या बाणाची कळ दाबून धरायची. मी धरली. बराच वेळ काही नाही. मग डाव्या कडेतून आधी ती फुलीची खूण आत आली, मग ओळींची शेवटची अक्षरं, मग श्रींचं चित्र अर्धं, मग पूर्ण, आणि शेवटी 'सालाबादप्रमाणे'. "आता एंटर," तू म्हणालीस. तुझा आवाज बसला होता, मेधा. मागे पंख्याची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. जेवलीस का, एवढं विचारेपर्यंत तू "ठेवते बाबा" म्हणालीस.

चक्कर आल्याचं तू मावशीला सांगितलंस, मला नाही. मावशीने आईला सांगितलं, आईने मला दोन दिवसांनी, तेही भात वाढता वाढता. जिन्यात आली की ऑफिसात? एकदाच आली का?

"फाईल हरवलेली नाही" हे ऐकलं तेव्हा मला आपला जुना छापखाना आठवला. तू पाच वर्षांची असशील. स्टुलावर उभी राहून खणांच्या पेटीतले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, वाचायचीस, उलटी असूनही सरळ असल्यासारखी. 'घ'च्या खणात तू 'ध' टाकलेस आणि एका पत्रिकेच्या प्रुफात घनश्यामाचा धनश्याम झाला. तू रडायला लागलीस. मी म्हणालो होतो, खिळा हरवत नाही, चुकीच्या खणात असतो, खण शोधायचा. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आलं, हे मी त्या स्टुलापाशीच तुला किती वेळा सांगितलं असेल. तुला पाठ होतं, तरी दर वेळी नवीन असल्यासारखं ऐकायचीस. काल तू मला त्याच शांतपणे सांगत होतीस. मला फार बरं वाटलं. ते मी फोनवर बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

पण बाय, रात्री दोनपर्यंत स्क्रीनसमोर बसायचं, सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी डब्याऐवजी बिस्किटं, हे चालायचं नाही. दिवाळीतही तुझ्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा. मी तीन रात्री पाहिला. शरीराला रात्रीची झोपच लागते, रविवारी बारापर्यंत लोळून ती भरून येत नाही. तुझ्या आईचं त्या वर्षी काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

चढ्या आवाजात लिहिलं. माफ कर. मलाच सव्वा वाजता फोन करायची गरज पडली आणि तुलाच बोलतो आहे. पण तू उचलला नसतास तर मी सकाळी खुशीने सगळं टाईप केलं असतं, एवढं खरं.

आज एक झालं. देवळाच्या सभागृहात सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर जमाखर्चाची विंडो दिसेना. प्रोजेक्टर बंद होता, पण केबल लावलेलीच होती. मी विंडोजची कळ आणि 'पी' दाबलं, 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलं, विंडो आली. सगळ्यांनी विचारलं, कुठे शिकलात. मी तुझं नाव सांगितलं. मग कोणीतरी विचारलं, कशी आहे ती? मी म्हणालो, बरी आहे.

पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत होड्या सोडल्या. तू तीन दिवस थांबायला हवी होतीस. दादाशी जे बोलणं झालं ते मनात ठेवू नकोस, तोही आता गप्प आहे. मॉनिटरच्या जागेवर आई रोज पेपर ठेवते, मी उचलतो.

तुझे
बाबा

ता. क. रक्त तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही. रात्री पाठवू नकोस, सकाळी पाठव.