फोर्कलिफ्टचं ठरलंय, बाबा

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते. फोर्कलिफ्टचं वर्षाचं भाडं भरलंय, चालवणाऱ्यासकट. सोमवारपासून कळमन्याच्या गोदामावर येईल. विचारलं नाही, कारण तुम्ही "पाहू" म्हणाला असता, आणि तुमचं "पाहू" कूलरच्या वेळी आम्ही तीन उन्हाळे पाहिलंय. पैसे बोनसचे आहेत, असेच पडून होते. हमालांची मजुरी कुठे जात नाही. चुंगड्या, ती नेहमीची पोती, त्यांच्याकडेच, फक्त टनभराच्या जंबो बॅगा यंत्राने.

परवा व्हिडिओ कॉलवर आई गोदाम दाखवत होती. मागे 1000 किलो तुरीची बॅग चेन-पुलीला लोंबकळत होती, चारातले तीनच पट्टे हुकात, आणि तुम्ही खालून बैलाच्या पोटावर मारावी तशी थाप मारत होतात! माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

पिशवी पाच पट वजन पेलते, म्हणाल. पेलते, पण नवी, एकदाच वापरायची. तुम्ही ती पुन्हा पुन्हा भरता, वर मे महिन्यात अंगणात वाळत टाकता. नागपूरच्या उन्हात ते प्लास्टिकचं सूत कुजतं. पट्टा नखाने खरवडून बघा, भुसा निघाला की पिशवी बाद. जीव तुटला तरी बाद.

मला आठवतं, थप्पीवर चढवून तुम्ही मला वरून सगळं मार्केट दाखवायचात. तुमच्या मानेला तागाचा वास यायचा. अजूनही कुठे पोतं उघडलं की तुम्हीच आठवता. म्हणून तर एवढी कटकट.

तर ऐका. चारही पट्टे, सरळ, पीळ न देता. फोर्कच्या दात्यांना धार असेल तर रबर गुंडाळायला लावा. उचललेली बॅग ओढायची नाही, झुलवायची नाही. खालचं तोंड सोडायचं तर आधी ती स्टँडवर टेकवा. आणि तिच्याखाली कुणीही नको, तुम्ही तर नाहीच. खुर्ची पंख्याखाली ठेवलीये, तिथून हाका मारा हव्या तेवढ्या. हिशोब तुमच्याइतका कुणाला जमतो?

आई, बाबांची बीपीची गोळी तू स्वतः त्यांच्या हातावर ठेव. "घेतली" म्हणतात, खिशात सापडते.

तान्ह्या पोळ्याला येतोय. माळ्यावरचा लाकडी बैल काढून ठेवा, एक चाक निखळलंय त्याचं. शिडीवर मात्र बाबांनी चढायचं नाही.

तुमची,
छकुली