जातींबरोबर लांबीही मोजा

संरक्षित क्षेत्रात पोपटमाशांच्या जाती जास्त आढळल्या म्हणजे प्रवाळ सुधारला, हा आपल्या रविवारच्या अंकातील लेखाचा निष्कर्ष घाईचा वाटतो. हा मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडतो आणि त्या मोकळ्या जागी प्रवाळाच्या अळ्या रुजतात. पण हे काम किती होईल, ते माशाच्या आकारावरही ठरते. १५ सेंटिमीटरपेक्षा ३० सेंटिमीटरचा मासा वजनाने सुमारे ८ पट भरतो, त्याचा घासही मोठा. शिवाय अनेक जातींत मोठ्या माद्याच पुढे नर होतात. रात्री कपारीत झोपलेले थोराड मासे भाल्याने टिपले, की आधी हे नर संपतात. यादीतला जातींचा आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातून पोहत मोजणी करताना प्रत्येक माशाची लांबीही नोंदवावी. पाण्यात मासा सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो, तेव्हा मोजणीआधी पाण्यातच, लांबी माहीत असलेल्या काठ्यांवर नजर बसवून घ्यावी. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशाने २००९ मध्ये पोपटमाशांच्या मासेमारीवर बंदीच घातली. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणच्या नोंदवहीत लांबीचा रकाना तरी असायलाच हवा.

– एक वाचक, कोल्हापूर