संकलकाच्या रकान्यात एकच नाव का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत राहतो. १९९२ पासून लग्नांचे शूटिंग आणि एडिटिंग, म्हणजे संकलन, हाच माझा धंदा. सुरुवातीला दोन व्हीसीआर जोडून एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचो. मध्ये एक कट चुकला की तिथून पुढचे सगळे पुन्हा. आता तेच काम कॉम्प्युटरवर करतो. इतक्या वर्षांत मी हे काम नेहमी एकट्याने केले. म्हणून गेल्या श्रावणात माझ्या दुकानात जे पाहिले, ते लिहून कळवावेसे वाटले.

माझी पुतणी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या गटातल्या चौघांना एका थरारपटाची सुरुवात करून द्यायची होती. पूर्ण चित्रपट नाही, पहिली दोनच मिनिटे. कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब पाचला बंद होते. चातुर्मासात लग्ने नसतात, माझे मशीन रिकामेच होते. मी म्हटले, या. सहा दिवस ती मुले रोज संध्याकाळी येत होती.

गोष्ट अशी. घाटाजवळच्या जुन्या वाड्यात एक मुलगी एकटी आहे. बाहेर नदी चढते आहे. रात्री दार वाजते. ती उघडायला जाते, तर आतली कडी आधीच काढलेली.

दोन मोबाइल आणि एक मागून आणलेला कॅमेरा, यांवर १ तास ४० मिनिटांचे शूटिंग होते. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रे, घेतो. मोबाइल म्हणायला ३० घेतो, पण उजेड कमी झाला की स्वतःच गती बदलतो. त्यामुळे जुळवलेला आवाज थोड्याच वेळात ओठांच्या मागे पडू लागला. सगळ्या क्लिप एका ठरलेल्या गतीत बदलून घेण्यातच पहिली संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण समोर आली. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे शॉट पुलावरून दोन वेगवेगळ्या दिवशी घेतले होते. पहिल्या दिवशी पाणी मारुतीच्या गुडघ्याला होते. मग गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि दुसऱ्या दिवशी छातीला लागले. नाशिककर पूर या मारुतीवरूनच मोजतात, त्यामुळे हा फरक इथल्या कुणाच्याही नजरेतून सुटला नसता. कॅमेरा केलेला मुलगा रडवेला झाला, म्हणाला, "काका, सगळं पुन्हा शूट करावं लागणार." संहिता लिहिणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुडघ्याचा शॉट आधी लाव, छातीचा कडीच्या नंतर. पाणी वाढतंय, हीच तर भीती." तिसऱ्याने दोन्हींच्या मध्ये दिव्याच्या वातीचा शॉट घातला. पुतणीने छातीचा शॉट निम्म्यावर आणला. चार डोकी नसती तर हे सुचले नसते. मी एकटा असतो तर तो शॉट काढून टाकून मोकळा झालो असतो.

त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम केला होता आणि तो मला फार आवडला. ज्याला कट बदलायचा आहे त्याने मागून बोटे दाखवायची नाहीत. खुर्चीत बसायचे, स्वतः माउस धरायचा आणि बदलून दाखवायचा. आधीची प्रत वेगळी ठेवायची. मग दोन्ही बघायच्या आणि ठरवायचे.

कडीवर हात जातो, त्यानंतर काय दाखवायचे यावर पाऊण तास वाद झाला. एकाला मुलीचा चेहरा हवा होता, दुसऱ्याला रिकामा जिना. मी त्यांना कुलेशोव्हचा प्रयोग सांगितला. शंभर वर्षांपूर्वी त्या रशियन दिग्दर्शकाने नटाचा एकच चेहरा एकदा सूपच्या वाटीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. मुलांनी लगेच करून पाहिले. चेहरा आधी आणि जिना नंतर ठेवला, तर मुलगी घाबरलेली वाटते. जिना आधी ठेवला, तर तिला काहीतरी ठाऊक आहे असे वाटते. गोष्टच बदलली! चेहरा आधी ठेवायचे ठरले. जिना हवा असणाऱ्याने तो कट स्वतःच्या हाताने लावला.

मुलांनी पहिल्या फ्रेमपासून संगीत भरले होते. मी ते बंद करून दाखवले. उरली ती नुसती पोकळी, कारण खोलीचा आवाज कुणी घेतलाच नव्हता. खोली गप्प असली तरी तिला आवाज असतो, आणि तो नसला की कट कानाला टोचतो. दोघे पावसात मोटारसायकलवर वाड्यात जाऊन मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करून आले. मग दाराचा आवाज चित्राच्या १० फ्रेम आधी आणला. अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मुलगी मान वळवते त्याच्या आधी बघणाऱ्याने दचकायला हवे.

चौथ्या दिवशी माझ्या पत्नीला बोलावून दाखवले. तिने विचारले, "ही कुणाला फोन का नाही करत?" चौघांनी एकमेकांकडे पाहिले. बंद पडलेल्या मोबाइलचा शॉट होता, लांबी कमी करताना उडवला होता. तो दीड सेकंद परत आला. साडेचार मिनिटांचे काम शेवटी १ मिनिट ५८ सेकंदांवर बसले.

मग कॉलेजचा फॉर्म आला. त्यात संकलकाच्या रकान्यात एकच नाव लिहायचे होते. मुलांनी चार लिहिली, फॉर्म परत आला. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कामाचे गुण, म्हणून संकलनाचे गुण एकालाच. मुलांनी चिठ्ठी टाकली. मला हे मनापासून खटकले. सहा संध्याकाळी त्या खुर्चीत चौघेही बसले होते, याचा मी साक्षीदार आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. त्याच्या कच्च्या फिल्मला भोके पाडायला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बसत. ते काम कोणत्या रकान्यात बसवणार?

माझे दोन गोष्टींचे मागणे आहे. प्राध्यापकांनी गटाच्या संकलनाला गटाचे गुण द्यावेत. हवे तर प्रत्येकाने कोणता कट का केला हे तोंडी विचारावे. ती मुले उत्तर देतील. आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे, तिथे महापालिकेने एक खोली द्यावी. दोन-तीन कॉम्प्युटर, स्पीकरची एक चांगली जोडी आणि चार खुर्च्या एवढेच पुरे, पण ती रात्री नऊपर्यंत उघडी हवी. आषाढी ते कार्तिकी एकादशी मी तिथे रोज संध्याकाळी दोन तास विनामूल्य बसेन. येणाऱ्या मुलांनी फक्त, जिथे शूटिंग केले तिथला मिनिटभर नुसता आवाज आठवणीने रेकॉर्ड करून आणावा.

आपला,
एक व्हिडिओ संकलक,
पंचवटी, नाशिक