लिनक्स टाकण्याआधी डिस्कची वाटणी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या मराठी शाळा-वाचनालयांचे जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत, त्यांनी ते भंगारात काढू नयेत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टीमवर ते आणखी काही वर्षे सहज चालतील. मात्र इन्स्टॉल करताना दिसणारा 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय डोळे झाकून दाबू नये. त्यात जुना डेटा तर जातोच, शिवाय सिस्टीम आणि फाइली एकाच पार्टिशनमध्ये (डिस्कच्या एकाच भागात) येतात. उद्या सिस्टीम बिघडली की पुस्तकांच्या नोंदी आणि दाखलेही अडकून बसतात.

५०० जीबीची डिस्क संगणकात साधारण ४६५ जीबी दिसते. लिनक्स एकटेच ठेवायचे असेल तर ईएफआयला (संगणक सुरू करून देणारा भाग) १ जीबी, रूटला (सिस्टीमचा भाग) ६० जीबी, स्वॅपला (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) ८ जीबी आणि उरलेली सगळी जागा होमला (तुमच्या फाइलींचा भाग) द्यावी. रूटला २० जीबीत भागवू नये. जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा), फ्लॅटपॅक (ॲप्सची पॅकेजे) आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टीमच्या राखून ठेवलेल्या प्रती) तिथेच साठतात आणि रूट भरले की अपडेट अर्ध्यावर थांबते. १२८ जीबीच्या एसएसडीवर मात्र वेगळे होम करू नये. तिथे एकच रूट आणि स्वॅप फाइल पुरते.

विंडोजही ठेवायचे असेल तर आधी बॅकअप घ्या, विंडोजचे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून मिळालेली जागा तशीच मोकळी सोडा. जुन्या एमबीआर (वाटणी नोंदवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन होतात. चारही आधीच भरलेली असतील तर इन्स्टॉलर मोकळ्या जागेला 'अनयूजेबल' म्हणतो. अशा वेळी विंडोजमध्ये पाचवे करायला जाऊ नका. विंडोज डिस्क 'डायनॅमिक' (विंडोजची स्वतःची वेगळी वाटणी पद्धत) करू का असे विचारते, आणि एकदा 'हो' म्हटले की लिनक्स टाकणे अवघड होऊन बसते. डी ड्राइव्हमधला डेटा बाहेर काढा, ते पार्टिशन पुसा आणि त्या जागी एक्स्टेंडेड (आत आणखी भाग सामावणारे) पार्टिशन करून आत लॉजिकल पार्टिशन बनवा.

पुढे कधी नवी आवृत्ती टाकाल तेव्हा रूट फॉरमॅट करायला हरकत नाही. जुने होम पार्टिशन निवडून माउंट पॉइंट (ते कुठे जोडायचे ती जागा) '/home' द्या आणि 'इन्स्टॉल' दाबण्याआधी त्याच्यासमोरच्या 'फॉरमॅट' चौकोनात टिक नाही ना, हे दोघांनी मिळून पाहा.

— एक वाचक, खानापूर