नाणे नव्हे, ताक्याचे सील

मा. संपादक,

उत्खननात शिशाची चकती निघाली की बातमीत तिचे हमखास 'नाणे' होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सेंट जोसेफ नदीकाठी १६९१ पासून फ्रेंचांचे सरहद्दीवरचे ठाणे होते. तिथल्या शिशाच्या चकत्या म्हणजे कापडाच्या ताक्यांना लावलेली सीले. विजेच्या मीटरला लावतात त्याच जातीची.

दोन चकत्या अरुंद पट्टीने जोडलेल्या. एकीला खुंटी, दुसरीला भोक. पट्टी ताक्याच्या काठावर दुमडायची, खुंटी कापडातून भोकात घालायची आणि ठशांनी दाबायचे. बाहेर गावाची, विणकराची किंवा तपासनिसाची खूण उमटते, आत कापडाची वीण. कापड कधीच कुजून गेलेले असते, पण भिंगाखाली ताणा-बाणा मोजला की ते तलम होते की जाडेभरडे, हे आजही सांगता येते. नाण्याकडून एवढी माहिती मिळत नाही!

हा माल माँट्रियलहून भूर्जसालीच्या होड्यांतून यायचा. मोठी होडी सुमारे ११ मीटरची, एकेक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे साधारण ४१ किलो. नदी संपली की कपाळाला पट्टा अडकवून दोन-दोन गठ्ठे पाठीवर. सांगलीच्या यार्डातल्या हमालांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. ठाण्यापासून थोडी जमीन ओलांडली की कँकाकी नदी, तिथून पुढे मिसिसिपी. ठाण्याची जागा त्यासाठीच मोक्याची. परतीला बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याची कातडी.

मात्र सील सांगते ते कापड कुठले हे. कोणी आणून विकले हे नाही. शिवाय शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतत. तेव्हा सीले मोजून ताक्यांचा हिशेब मांडू नये.

उन्हाळ्यात हरिपूरच्या किंवा कराडच्या संगमाजवळ पात्र उघडे पडते. तिथे अशी वस्तू दिसली तर आधी जागा, खोली आणि मातीचा थर लिहून घ्यावा, बाजूने उजेड पाडून फोटो काढावा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. तांब्या-पितळेसारखी चिंच-लिंबू लावून ती घासू नये. आम्लाने शिसे झिजते आणि वीण सगळ्यात आधी जाते. लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याचा खोकाही नको. त्यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. झाकणाचा साधा पॉलिथिनचा डबा चालतो.

– पुरातत्त्वाचे काही अभ्यासक, सांगली