आईच्या तोंडाची हालचाल आणि ती पित्ताची कॅप्सूल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला आईचा व्हिडिओ इथल्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवला. टीव्ही बघताना ती तोंडात काही नसताना चघळल्यासारखं करते, मध्येच जीभ ओठांवर येते, झोपली की सगळं थांबतं. त्यांनी पहिलंच विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? आणि फोटोतल्या पित्ताच्या कॅप्सूलवर बोट ठेवलं.

तिच्यात पँटोप्रॅझोलबरोबर लेवोसल्पिराइड आहे. पँटोप्रॅझोल आम्ल कमी करतं. लेवोसल्पिराइड डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतं आणि हालचालींवर ताबा ठेवायला तेच रसायन लागतं. असं औषध महिनोन्महिने पोटात गेलं की काहींची जीभ, जबडा आपोआप हलू लागतो. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. काहींचे हात कापतात, चाल मंदावते, अगदी पार्किन्सनसारखं. वयस्कर बायकांना धोका जास्त. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. अमेरिकेत २००९ पासून त्यावर ठळक इशारा आहे की १२ आठवड्यांपुढे शक्यतो घेऊ नये. चक्करेवरची स्टेमेटिल आणि सिनारिझिनही त्यातलीच.

आईची चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. मेडिकलवाला तीच बघून वर्षभर पाकिटं देत राहिला, याचा मला फार राग आहे.

आई, वाडीत कुणी काहीही म्हणो, हे बाहेरचं नाही आणि नुसतं वयाचंही नाही. तू पदर तोंडाला लावून बसतेस, हळदीकुंकवाला जात नाहीस, हे ऐकून जीव तुटला. जात जा गं.

बाबा, तिथल्या डॉक्टरांना फोन करून कॅप्सूल बदलून घ्या. बंद केल्यावर सुरुवातीला हालचाल थोडी वाढू शकते, घाबरू नका. हातांची थरथर बहुतेकांची काही महिन्यांत जाते. तोंडाची मात्र रेंगाळते, कधी राहतेही. त्यावर टेट्राबेनाझिनसारखी औषधं आहेत, पण ती तपासूनच द्यायची. आणि शेजारच्या काकूंना यातलं अर्धवट सांगू नका. त्यांच्या गोळ्या मानसिक आजाराच्या आहेत, त्या मनाने सोडल्या तर आजार उलटेल. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावं.

चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, संपलेलीसुद्धा. आयुर्वेदिक काढे, चूर्णंही.

तुमची,
मनू