मडगावची रेल्वे १९९८ ची नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चवथ आटोपून मुंबईला परतणाऱ्या भाचीला आणि तिच्या मुलीला सोडायला मडगाव स्टेशनवर गेलो होतो. गाडीला उशीर होता. चौथीतली ती पोर रुळांकडे बघत म्हणाली, "आजोबा, इथे पहिली गाडी कधी आली?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अठ्ठ्याण्णवला. कोकण रेल्वे आली ना, तेव्हा." गृहस्थ मडगावचेच. हेच वाक्य मी गेल्या काही वर्षांत दोन भाषणांत ऐकले आहे आणि एका स्मरणिकेत वाचले आहे. त्या दिवशी मात्र फार लागले, कारण पोरीने ते लगेच खरे मानले.

मडगावात गाडी आली ती १८८० च्या दशकात. मुरगाव बंदरापासून घाट चढून हद्दीपलीकडच्या कॅसलरॉकपर्यंतचा सुमारे ८२ किलोमीटरचा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, मार्ग १८८८ मध्ये पुरा झाला. म्हणजे कोकण रेल्वेच्या आधी एकशे दहा वर्षे. मडगावातल्या कोंब भागाच्या बाजूला जे 'जुने स्टेशन' आजही लोकांच्या तोंडी आहे, ते या मार्गावरचे. हल्लीचे मडगाव जंक्शन त्याच्यापुढे अगदी अलीकडचे.

हा मार्ग काही पोर्तुगीजांनी आपल्यावर मेहेरबानी म्हणून घातला नव्हता. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, त्यात रेल्वे आणि मुरगाव बंदर होते, पण त्याच कराराने गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. मिठागरांवर पोट असलेल्यांना काय मिळाले? करार पुढे १८९२ मध्ये संपला, रूळ तेवढे राहिले. आपली रेल्वे मिठाच्या मोलाने आली आहे, हे शाळेत एका ओळीनेही कुणी सांगत नाही, याचे एक निवृत्त शिक्षक म्हणून मला दुःख आहे.

याच गाडीत बसून आपली माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. माझे वडील त्यांतले एक. घाटाच्या पायथ्याशी कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी, कॅसलरॉकला हिंदुस्थानची. ट्रंक दोनदा उघडायची, दोनदा बांधायची. आजीने दिलेल्या सोलांच्या पुडीत शिपायाने बोट घालून पाहिले होते, हे वडील म्हातारपणीही रागाने सांगायचे. सप्टेंबर १९४६ मध्ये पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढणारे डॉ. राममनोहर लोहिया पुन्हा गोव्यात यायला निघाले तेव्हा त्यांना पकडले ते याच मार्गावर, कुळे स्टेशनवर. १९५५ च्या गोवा सत्याग्रहानंतर हद्दीपलीकडची गाडीच बंद झाली, ती १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर सुरू झाली. सहा-सात वर्षे मुंबईची माणसे मुंबईला आणि घरची घरी. आमच्या घरात त्या काळातली एक बारशाची तारीख अशी आहे की बापाला मूल चालायला लागल्यावरच दिसले.

मी स्वतः त्या गाडीने गेलो तो मुक्तीनंतर, लहानपणी. कुळ्याला मागून ढकलायला इंजिन जोडत. गाडी घाटात इतकी हळू चढायची की दूधसागर धबधबा डोळे भरून पाहता यायचा, तुषार खिडकीतून अंगावर यायचे आणि आई पदराने माझे डोके झाकायची. पुढच्या काळात मीटरगेज मिरजेला संपे. तिथे सगळा बाडबिस्तरा उतरवून ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, गाडीत चढवायचा. हमालाच्या डोक्यावर आमचा होल्डॉल आणि त्याच्यामागे धावणारी आई, मला ते अजून दिसते. जुन्या मडगावकरांना 'मिरजेला बदली' एवढे दोनच शब्द म्हणा, पुढचा अर्धा तास ते बोलतील.

कोकण रेल्वेला मी कमी लेखत नाही. मार्ग कुठून न्यावा, खाजन शेतांचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, काय होणार, यावरून १९९० नंतर गोव्यात केवढे आंदोलन पेटले होते ते मी पाहिले आहे, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाल्याचा आनंदही मी पाहिला आहे. मुंबई एका रात्रीवर आली. त्याच सुमारास आमचा मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाला, दोन्ही मार्ग नव्या स्टेशनात एकत्र आले आणि जुन्या स्टेशनाचे दिवस संपले. त्याचा निरोप समारंभ झाल्याचे मला तरी आठवत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. मडगाव जंक्शनवर, जिथे माणसे गाडीची वाट बघत बसतात तिथे, या शहराच्या दोन्ही स्टेशनांची हकिगत कोकणी आणि मराठीत लिहिलेला एक मोठा फलक लावावा. जुन्या स्टेशनाच्या जागी एक दगडी पाटी बसवावी, त्यावर १८८८ हे साल असावे. यात कोटींचा खर्च नाही. आणि घराघरांतून जुनी छायाचित्रे, पासपोर्ट, तिकिटे जमवायचे काम कुणीतरी आताच हाती घ्यावे, कारण मीटरगेजने प्रवास केलेली आमची पिढी आता सत्तरीकडे आली आहे.

माझ्याकडे पुठ्ठ्याची दोन तिकिटे आहेत, चिमट्याने कोपरा कापलेली, आईच्या कुंकवाच्या डब्यात राहिल्याने कडेला लाल झालेली. कुणी जमवायला बसणार असेल तर ती मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मालभाट, मडगाव